‘हॅनकॉक’बद्दल ठाण्याच्या प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यात आमच्या घरी महिन्यातल्या एका शनिवारी ओळखीची मंडळी जमतात. एक चित्रपट लावायचा, मग चहा घेत त्यावर बोलत बसायचं, एवढाच कार्यक्रम. ‘हॅनकॉक’ लावला त्याला बरेच महिने झाले, पण व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचे प्रश्न अजून येतात. काही आमच्याकडे पाहिलेल्यांचे, काही नंतर घरी पाहिलेल्यांचे, काही अजून न पाहिलेल्यांचेही. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

प्रश्न ६ पर्यंत कथेतलं मोठं गुपित फुटत नाही. ७ पासून पुढे सगळं उघड आहे. चित्रपट पाहायचा असेल तर तिथे थांबा, पाहून या आणि मग पुढे वाचा.

१. हा मार्व्हलचा आहे की डीसीचा? कुठल्या कॉमिकवरून घेतलाय?

या दोन्ही अमेरिकी कॉमिक कंपन्यांचा नाही, आणि कुठल्याही कॉमिकवरून घेतलेला नाही. गोष्ट थेट पडद्यासाठी लिहिलेली आहे. व्हिन्सेंट न्गो याने १९९६ च्या सुमारास मूळ पटकथा लिहिली. तिचं नाव वेगळं होतं आणि सूर बराच काळोखी होता. ती हॉलिवूडमध्ये वर्षानुवर्षं एका हातातून दुसऱ्या हातात फिरली, दिग्दर्शक बदलले, आणि मधल्या काळात व्हिन्स गिलिगनने ती नव्याने लिहून काढली. अखेर पीटर बर्गच्या दिग्दर्शनाखाली २००८ च्या जुलैमध्ये चित्रपट आला. विल स्मिथ हॅनकॉक, जेसन बेटमन रे आणि शार्लीझ थेरॉन रेची बायको मेरी. लांबी जेमतेम दीड तास.

दोन वेगळ्या वृत्तीच्या लेखकांचा हात लागला आहे, हे लक्षात ठेवा. प्रश्न ८ मध्ये त्याचा उपयोग होईल.

२. गोष्ट काय आहे, फार न सांगता सांगाल का?

लॉस एंजलिसमध्ये एक माणूस आहे. तो उडतो, त्याला गोळी लागत नाही, त्याच्या ताकदीला सीमा नाही. आणि तो भरदिवसा बाकड्यावर दारू पिऊन झोपलेला असतो. एक लहान मुलगा येऊन त्याला हलवून उठवतो, की चोर पळताहेत. तो कुरकुरत उठतो, बाटली हातात घेऊनच उडतो, चोर पकडतो, पण तेवढ्यात रस्ता फोडतो, फलक तोडतो आणि चोरांची गाडी एका उंच इमारतीच्या टोकावर खोचून ठेवतो. लोकांना तो नकोसा झालेला आहे. शिव्या खातो आणि शिव्या देतो.

मग तो रे नावाच्या एका साध्या माणसाचा जीव वाचवतो. रेचा धंदा म्हणजे लोकांसमोर कंपन्यांची प्रतिमा घडवणं. त्याच्या मनात येतं, या माणसाचीच प्रतिमा सुधारू. इथपर्यंत एवढं पुरे.

३. हिंदीत डब केलेला पाहिला तर चालेल का?

चालेल, पण जमलं तर मूळ इंग्रजीत, खाली अक्षरं लावून पाहा. नायकाच्या नावामागची गंमत इंग्रजी वाक्प्रचारावर उभी आहे (प्रश्न ७), आणि एका ठरावीक शिवीवर त्याचं डोकं फिरतं, ती शिवी दर वेळी तीच असणं महत्त्वाचं आहे. शिवाय विल स्मिथ पहिल्या भागात शब्द अर्धवट गिळून बोलतो. ज्याला कुणाशी बोलायचंच नाही, अशा माणसाचं ते बोलणं आहे. दुसऱ्याच्या आवाजात ते हरवतं.

४. मुलांना दाखवावा का? माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि त्याला सुपरहिरो फार आवडतात.

आठव्या वर्षी नको. अमेरिकेत त्याला तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांनी सांभाळून दाखवावा असं प्रमाणपत्र मिळालं, आणि तेही काटछाट केल्यावर. शिव्या सतत आहेत. तुरुंगातला एक विनोद गलिच्छ आहे, बँकेच्या प्रसंगात एका माणसाचा हात तुटतो आणि शेवटी हॉस्पिटलमध्ये बरंच रक्त आहे.

सातवी-आठवीतल्या मुलांबरोबर मात्र जरूर बसा. आमच्याकडे मैत्रिणीचा तेरा वर्षांचा मुलगा होता. त्याला उडण्यामारण्यापेक्षा रेचा मुलगा अ‍ॅरन आवडला, कारण शाळेतल्या दादागिरी करणाऱ्या मुलाची त्याची भीती खरी वाटली. त्या मुलाला हॅनकॉक हवेत भिरकावतो आणि परत झेलतो. आम्ही मोठे हसलो. तो हसला नाही. ‘दुसऱ्या दिवशी शाळेत अ‍ॅरनचं काय झालं असेल?’ असं त्याने विचारलं, आणि आम्हाला उत्तर देता आलं नाही.

५. रेल्वे फाटकाचा प्रसंग पाहून दिवा स्टेशनच्या फाटकाचीच आठवण आली! असं एखाद्याने मधे उभं राहून गाडी थांबवली तर खरंच काय होईल?

हा प्रश्न ठाण्यापलीकडे राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने विचारला. दिव्याला फाटक उघडं राहिलं की लोकल खोळंबतात आणि बंद राहिलं की पूर्व-पश्चिम रस्ता अडतो. गाड्यांच्या रांगेत रूळांवरच अडकण्याची धास्ती तिथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

चित्रपटात रेची गाडी अशीच पुढच्या-मागच्या वाहनांच्या मधे अडकते आणि मालगाडी येते. हॅनकॉक रेची गाडी उचलून बाजूला फेकतो आणि स्वतः रूळांवर उभा राहतो. इंजिन त्याच्यावर आपटून चेपतं, मागचे डबे एकमेकांवर चढतात.

आमच्यात मध्य रेल्वेचे एक निवृत्त मोटरमन काका आहेत. ते म्हणाले, भरलेल्या मालगाडीला इमर्जन्सी ब्रेक मारला तरी ती किलोमीटरभर पुढे जाऊ शकते. सगळा प्रश्न वजनाचा आहे. ते वजन पुढून एका जागी अडवलं की मागच्या डब्यांना जायला जागाच नाही, ते घसरणार आणि चढणार. म्हणजे न हलणारा माणूस खोटा, पण तो उभा राहिल्यावर जे होतं ते बरोबर दाखवलंय.

पुढे जमाव हॅनकॉकवर ओरडतो, की गाडी घेऊन सरळ वर उडायचं होतंस, ट्रेनला हात कशाला लावलास? आमच्या खोलीतही तीच चर्चा सुरू झाली. निम्मे म्हणाले जमावाचं बरोबर आहे, निम्मे म्हणाले माणूस वाचला ते बघा. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘इंजिनात लोको पायलट असतो. इतका वेळ बोलताय, तो जगला का, हे तुमच्यातल्या एकानेही विचारलं नाही.’ त्या वाक्यानंतर मी तो प्रसंग पूर्वीसारखा पाहू शकलेले नाही.

जमावाचा मुद्दा खरा आहे आणि तरीही त्या सगळ्या गर्दीत ‘मी जिवंत आहे, धन्यवाद’ म्हणणारा एकटा रे असतो. त्याच शब्दांपासून चित्रपट सुरू होतो, असं मला वाटतं.

६. रे त्याला तुरुंगात जायला लावतो, ही सरळसरळ प्रसिद्धीची चाल नाही का? आणि एवढ्या ताकदवान माणसाला ‘छान काम केलंत’ म्हणायला शिकवावं लागतं, हे पटतं का?

चाल आहेच, रे ती लपवत नाही. तो म्हणतो, लोकांना तुझी किंमत नाही ना, मग तू कायद्यासमोर जा, तुझ्यावाचून शहराचं काय होतं ते त्यांना कळू दे. हॅनकॉक पत्रकारांसमोर माफीचा कागद वाचतो आणि तुरुंगात जातो. वाटलं तर भिंत फोडून निघून जाऊ शकणारा माणूस आत बसून राहतो, यात मला चालीपेक्षा जास्त काही दिसतं. इथे तो पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकतो.

ताकद असून ती वापरायची इच्छा नसलेला नायक म्हटल्यावर आपल्याकडे लगेच समुद्रकाठचा मारुती आठवतो. शापामुळे त्याला स्वतःच्या बळाची आठवण नसते आणि जांबुवंत ती करून देतो. रेला जांबुवंत म्हणणारे निदान चार जण भेटले. उपमा छान आहे, पण अर्धीच लागू पडते. हॅनकॉकला बळाची आठवण पुरेपूर आहे. ते कुणासाठी वापरायचं, हे त्याला माहीत नाही.

‘छान काम केलंत’बद्दल वर्तकनगरच्या एका गोविंदा पथकातल्या मुलाने जे सांगितलं ते मला सगळ्यात पटलं. तो खालच्या थरात उभा राहतो. म्हणाला, हंडी फोडतो तो वरचा पोरगा, फोटोही त्याचाच येतो. पण खाली उतरल्यावर तो आधी आमच्या खांद्यांवर हात ठेवतो, आम्ही लाल झालेले खांदे त्याला दाखवतो. हॅनकॉक कधी कुणाच्या खांद्यावर चढलाच नाही, मग खांदा दुखतो हे त्याला कळणार कसं? म्हणून शिकवावं लागतं.

बँकेच्या दरोड्यात तो शिकलेलं वापरतो, तेव्हा प्रत्येक पोलिसाला जरा अवघडूनच शाबासकी देत सुटतो. गोळीबारात अडकलेल्या जखमी महिला पोलिसाला उचलण्याआधी तो तिची परवानगी मागतो. हे आमच्यातल्या बायकांच्या लगेच लक्षात आलं, पुरुषांना सांगावं लागलं.

७. (इथून पुढे गुपितं उघड.) त्याचं नाव हॅनकॉक कसं पडलं? तो विनोद आम्हाला कळलाच नाही.

जॉन हॅनकॉक हा अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातला पुढारी. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही सगळ्यांत ठळक आहे. त्यावरून तिथे ‘इथे तुमचा जॉन हॅनकॉक करा’ म्हणजे ‘इथे सही करा’ असं बोलायची पद्धत पडली.

आपला नायक मायामीच्या एका हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर येतो. कवटी फुटलेली असते ती भरून आलेली, पण मागचं काही आठवत नाही. घरी सोडताना नर्स म्हणते, इथे जॉन हॅनकॉक करा. त्याला वाटतं हेच आपलं नाव. म्हणजे ज्याला आपण दीड तास नावाने हाक मारतो, त्याला नावच नाही. सही कर म्हटलं तर सही कुणाची करायची, हे त्याला माहीत नव्हतं.

सांगताना तो हे हलक्या आवाजात, थट्टेच्या सुरात सांगतो. पुढचं वाक्य मात्र तसं नाही. आपल्याला विचारायला कुणीच कसं आलं नाही, आपण असा काय वाईट माणूस होतो, हा प्रश्न तो आयुष्यभर बाळगून आहे. तो दारू का पितो, लोकांशी तुसडेपणाने का वागतो, नायक व्हायला का नको म्हणतो, या सगळ्यांचं उत्तर मला इथेच सापडतं. त्याच्या अंगात आळस नाही, गर्वही फारसा नाही. त्याला न्यायला कुणी आलं नव्हतं.

८. मध्यंतरापर्यंत धमाल होती, मग एकदम वेगळाच चित्रपट सुरू झाला. तुम्हालाही असंच वाटलं का?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा तो तक्रार म्हणूनच येतो.

वळण येतं स्वयंपाकघरात. रे झोपलेला आहे, हॅनकॉक आणि मेरी एकमेकांच्या जवळ येतात, आणि पुढच्या क्षणी मेरी त्याला उचलून भिंतीपार फेकते. म्हणजे तिच्यातही तीच ताकद आहे. मग कळतं की ही दोघं हजारो वर्षं जगलेली, जोडीने घडवलेली माणसं आहेत, कधीकाळी नवरा-बायको होती, आणि तिने हे इतकी वर्षं लपवलं.

आमच्याकडे इथे दोन तट पडले. एक तट म्हणतो फसवणूक झाली. दारुड्या सुपरहिरोला समाज कसा सुधारतो, सत्ता हातात असलेल्या माणसाने लोकांना जाब द्यावा की नाही, असा छान जमिनीवरचा विषय चालू होता आणि तो सोडून देवादिकांची गोष्ट काढली. खारेगावच्या एका मित्राने तर लिहिलं की ठाण्याहून कल्याणला निघालेली गाडी मुंब्र्यापुढे वाशीला कशी पोचली, तेच कळलं नाही. दुसरा तट म्हणतो, उलट इथूनच जीव लागला.

माझं मत सांगते. कल्पना दुसऱ्या भागाची जास्त मोठी आहे, हाताळणी पहिल्या भागाची जास्त चांगली आहे. ही दोघं जवळ आली की त्यांची ताकद ओसरते आणि ती साधी, मरणारी माणसं होतात. प्रेम केलं तर देह नाजूक होतो, एकटं राहिलं तर अमर. इतकी दुःखाची कल्पना सुपरहिरोच्या चित्रपटात मी क्वचित पाहिली आहे. पण ती आपल्याला दोन-तीन संवादांत घाईघाईने सांगून टाकतात. दोघांचं मागचं आयुष्य एकदाही दिसत नाही. दीड तासात एवढं बसवायचं म्हणून रेलाही बाजूला सारलंय. ज्याच्या घरात हे सगळं चाललंय त्याला स्वतःच्या बायकोबद्दल धक्का बसायलाही पुरेसा वेळ दिलेला नाही.

लेखक दोन असले (प्रश्न १), तरी हे दोन वेगळे चित्रपट आहेत, हे मला मान्य नाही. दारूच्या दुकानात चोर गोळी झाडतो तो क्षण परत पाहा. आत्तापर्यंत अंगावरून उडून जाणारी गोळी आत शिरते. तो खाली पाहतो, आपलंच रक्त पाहतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी वेदना येतच नाही, आश्चर्य येतं. आदल्या सबंध तासात त्याला लोकांचं दुखणं कळत नव्हतं, कारण दुखणं म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. पहिल्या भागाचा प्रश्न तिथे येऊन पोचतो.

आणि वळण अचानक येत नाही. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा हॅनकॉककडे बघू नका, मेरीकडे बघा. रे पहिल्यांदा त्याला घरी आणतो तेव्हा ती घाबरलेली आहे, पण तिची भीती अनोळखी माणसाला पाहून वाटणारी नाही. तो हॉस्पिटलची हकिकत सांगतो तेव्हा तिचे डोळे भरतात. शार्लीझ थेरॉनने हे सगळं एकाही शब्दाशिवाय केलं आहे.

९. जवळ आलं की ताकद जाते, तर मग भर रस्त्यात दोघं एवढी मारामारी कशी करतात? आणि ती दोघं वर्षानुवर्षं एकाच शहरात होतीच की.

बरोबर पकडलंत. चित्रपटातून एवढंच निघतं की ताकद एकदम जात नाही, हळूहळू ओसरते. मारामारीच्या वेळी ती नुकती एकमेकांसमोर आलेली असतात. एका शहरात असली तरी भेटलेली नव्हती, आणि लॉस एंजलिस काही लहान नाही.

पण याने सगळं सुटत नाही. भेटल्यानंतर, जेवल्यानंतर, बँकेच्या दरोड्यातही त्याची ताकद शाबूत असते. माझं स्वतःचं वाचन असं, की ती कोण आहे हे त्याला कळल्यावर घट सुरू होते. म्हणजे मोजमाप अंतराचं नाही, ओळखीचं आहे. मात्र शेवटी हॉस्पिटलमधून तो जसजसा दूर जातो तसतशी दोघांना धुगधुगी येते, तिथे हिशेब स्पष्ट अंतराचा आहे. दोन नियम एकमेकांना जुळत नाहीत. लेखकांनी हे नीट बसवायला हवं होतं.

१०. दारू इतक्या सहज सुटते का? आमच्या घरात हे भोगलंय, म्हणून राग आला.

राग रास्त आहे. तुरुंगात गेल्यावर त्याची दारू सुटते, इतकंच. सुटताना काय होतं ते नाही. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं की हात थरथरतात, झोप उडते, काहींना झटके आणि भास होतात. जिवावर बेतू शकतं, म्हणून हे डॉक्टरच्या देखरेखीखाली करावं लागतं. हॅनकॉकचं शरीर माणसाचं नाही असं म्हणून सुटका करून घेता येईल, पण त्याला नशा चढते ती माणसासारखीच.

तुरुंगातल्या गटाच्या बैठकीत सगळे आपलं सांगतात आणि त्याची पाळी आली की तो ‘पुढे’ म्हणतो, हा भाग चांगला आहे. तिथे थोडं थांबायला हवं होतं. ‘एकच प्याला’ लिहिणाऱ्या गडकऱ्यांचं नाव आपण तलावपाळीच्या रंगायतनला दिलं आहे. सुधाकराचा शेवट माहीत असलेल्या प्रेक्षकाला चामड्याचा नवा पोशाख घालून बाहेर आलेला, एका झटक्यात बरा झालेला माणूस पटणं कठीण जातं.

११. खलनायक इतका फिका का?

कारण गोष्टीला त्याची फारशी गरज नाही. बँकेत हात गमावलेला रेड, तुरुंगात अपमान झालेल्या दोघांना घेऊन सूड घ्यायला येतो, बस. एडी मार्सन मोठ्या ताकदीचा नट आहे, त्याला करायला काही दिलेलं नाही. एक गोष्ट मात्र नोंदवा. त्याला अखेर मारतो तो रे, आगीच्या वेळी वापरायची कुऱ्हाड घेऊन, साधा माणूस.

१२. शेवटी चंद्रावर हृदयाचं चिन्ह काढतो, ते कुणाला आवडलं?

आमच्यात बऱ्याच जणांना आवडलं. रेची एक मोहीम असते, कंपन्यांनी गरजूंना काही वस्तू फुकट द्याव्यात आणि बदल्यात हे चिन्ह मिरवावं. कुणी त्याला उभं करत नाही. दूर न्यूयॉर्कला गेलेला हॅनकॉक मित्राला फोन करून वर बघायला सांगतो. भावना मला कळते.

पण मला तो शेवट खुपतो. चंद्र सगळ्यांचा आहे. कोजागिरीला आम्ही गच्चीवर दूध आटवून त्याची वाट पाहतो, त्यावर कुणाचंही चिन्ह नको, कितीही चांगल्या कामाचं असलं तरी. ज्याने सबंध चित्रपटभर लोकांची मोडतोड न करायला शिकायचं होतं, त्याने शेवटी कुणालाही न विचारता सबंध जगाचा चंद्र रंगवला.

१३. मायामीत त्यांच्यावर हल्ला कुणी केला? आणि का?

चित्रपट सांगत नाही. एवढंच कळतं की दोघं चित्रपट पाहून हातात हात घालून घरी चालली होती, मागून माणसं आली, आणि त्याच्या डोक्यावर घाव पडला. जवळ असल्यामुळे दोघं त्या वेळी साधी माणसं होती. मेरीला रुग्णवाहिकेत त्याच्याबरोबर बसू दिलं नाही.

आता काळ आणि गाव लक्षात घ्या. तिसाच्या दशकातलं फ्लोरिडा, पुरुष काळा, बाई गोरी. तिथे अशा लग्नाला कायद्यानेच बंदी होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द केले ते १९६७ साली. चित्रपट वंशाचा शब्दही उच्चारत नाही. काहींना तो संयम वाटतो. मला वाटतं, एक वाक्य तरी हवं होतं. जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्यांना आपल्याकडे काय सोसावं लागतं हे पाहिलेल्या माणसाला, त्या गल्लीत काय झालं असेल ते न सांगता कळतं. ज्याला कळत नाही, त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही.

१४. हॅनकॉक हॉस्पिटलची हकिकत ‘ऐंशी वर्षांपूर्वी’ची म्हणतो, पण खिशातली तिकिटं ‘फ्रँकेन्स्टाईन’ची. तो तर १९३१ चा. हिशेब चुकला ना?

२००८ मधून १९३१ वजा केले तर ७७ येतात. बोलताना माणूस ऐंशी म्हणतो, त्यात वावगं नाही.

तिकिटांची निवड मात्र विचारपूर्वक केलेली दिसते. बोरिस कार्लोफने त्यात केलेला तो भीषण जीव, त्याला घडवणाऱ्यानेच टाकून दिलेला, ज्याच्या मागे सगळं गाव लागतं. हॅनकॉकच्या खिशात तेवढंच होतं, च्युइंगम आणि दोन तिकिटं. एक नाही, दोन. आपल्याबरोबर कुणीतरी होतं याचा त्याच्याकडचा हा एकुलता पुरावा.

१५. चालला का? दुसरा भाग आहे का? असंच आणखी काही सुचवा.

समीक्षकांनी नाकं मुरडली, लोकांनी गर्दी केली. सुमारे १५ कोटी डॉलर खर्च, जगभरातून ६२ कोटी डॉलरहून जास्त कमाई. दुसऱ्या भागाची बोलणी झाली, तो आला नाही. पहिला संपल्यावर लगेच उठू नका, श्रेयनामावली सुरू झाल्यावर न्यूयॉर्कमधला एक छोटा प्रसंग आहे आणि त्यात प्रश्न ३ मधली शिवी परत येते.

पुढे पाहायचा तर २०२१ चा मल्याळम ‘मिन्नल मुरली’ पाहा. गावातला शिंपी, अंगावर वीज पडते. त्यात नायकाइतकाच खलनायकही आपला वाटतो, म्हणजे प्रश्न ११ ची तक्रार तिथे नाही.

१६. मेरी त्याला हॉस्पिटलमध्ये सोडून निघून गेली, हे बरोबर की चूक?

यावर आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि कळव्याच्या मावशींची शेवटची बस गेली होती.

घडलं ते असं. ती जवळ असती तर तो मेला असता. म्हणून ती गेली, आणि तो वाचला. ज्याला तो ‘मला न्यायला कुणी आलं नाही’ म्हणतो, ते खरं तर कुणीतरी त्याच्यासाठी केलेलं होतं.

मावशी म्हणाल्या, मुलगा तान्हा असताना मला टीबी झाला. त्या काळी घरच्यांनी त्याला वर्षभर चिपळूणला आजीकडे नेऊन ठेवलं. मी दारातून हात केला आणि आत वळले, कारण थांबले असते तर दिलंच नसतं. तो आता पंचेचाळीस वर्षांचा आहे. भांडण झालं की अजून म्हणतो, तू मला टाकलं होतंस.

मला वाटतं, जाणं बरोबर होतं, गप्प राहणं चूक. ती त्याच शहरात राहत होती. तो बाकड्यावर पडलेला असतो हे सगळ्या शहराला माहीत होतं, तिलाही असणार. एक चिठ्ठी पाठवता आली असती.

मोटरमन काकांना हे मान्य नाही. ते म्हणतात, चिठ्ठी मिळाल्यावर तो तिथे थांबला असता का? धावत आला असता, आणि परत दोघांच्या जिवावर बेतलं असतं. सिग्नल लाल ठेवायचा तर पूर्ण लाल ठेवावा लागतो.

मावशी म्हणाल्या, ‘मी पोराला समजायला लागल्यावर निदान सांगितलं तरी. हिनं ऐंशी वर्षं त्याला कळू दिलं नाही.’ काका म्हणाले, ‘सांगूनही तो तुम्हाला तेच बोलतो ना?’ त्यावर मावशी काही बोलल्या नाहीत. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला, चित्रपटाचं नाव नीट लिहून पाठव, मुलाला सांगते बघायला.